विषयवार टिपणे (इतिहासाचा अभ्यास)

विषयवार टिपणे ही इतिहासाच्या अभ्यासात वाचनाची टिपणे लावून ठेवण्याची एक पद्धत आहे. ग्रंथ, लेख, अहवाल, पत्रे इत्यादी साधनांतून काढलेली टिपणे या पद्धतीत ग्रंथाच्या किंवा पानांच्या क्रमाने ठेवली जात नाहीत. ती ज्या प्रश्नाशी किंवा विषयाशी संबंधित असतात, त्याच्या शीर्षकाखाली एकत्र लावली जातात. त्यामुळे एकाच मुद्द्यावर निरनिराळी साधने काय सांगतात, त्यांत कोठे मेळ आहे व कोठे विरोध आहे, तसेच कोणत्या मुद्द्यावर काहीच पुरावा हाती नाही, हे अभ्यासकाला एका दृष्टिक्षेपात दिसते.

शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतील निबंध, प्रकल्प व प्रबंध यांच्या तयारीसाठी ही पद्धत वापरली जाते. व्यावसायिक इतिहाससंशोधनातही तिची परंपरा जुनी आहे. टिपण आपल्या मूळ साधनापासून, काळापासून आणि स्थळापासून तुटणे हा या पद्धतीतील मुख्य धोका मानला जातो. म्हणून विषयाचे शीर्षक बदलता येण्याजोगे असावे आणि साधनाची नोंद मात्र कायम राहावी, हे तिचे मूलभूत तत्त्व होय.

संकल्पना

वाचनाची टिपणे सामान्यतः तीन प्रकारे लावता येतात.

साधनवार : प्रत्येक ग्रंथाची किंवा लेखाची टिपणे स्वतंत्र ठेवली जातात. लेखकाचा युक्तिवाद अखंड राहतो. परंतु अनेक लेखकांची तुलना करताना सर्व वह्या पुन्हा चाळाव्या लागतात.

कालक्रमवार : घटना तारखांच्या क्रमाने नोंदवल्या जातात. मराठ्यांच्या इतिहासातील शकावल्या हा या मांडणीचा परिचित नमुना आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. आधी काय व नंतर काय हे या मांडणीत स्पष्ट होते, पण दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रिया तुकड्यांत विखुरल्या जातात.

विषयवार : शेतसारा, दुष्काळ, न्यायदान, स्थलांतर, जातिव्यवस्था अशा शीर्षकांखाली निरनिराळ्या साधनांतील टिपणे एकत्र येतात.

या तिन्ही मांडण्या परस्परांना पूरक आहेत. जमाखर्चाच्या देशी पद्धतीतील रोजकीर्द आणि खतावणी यांच्या संबंधावरून हे समजून घेता येते. रोजकीर्दीत व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशी व त्या क्रमाने लिहिला जातो. खतावणीत तोच व्यवहार ज्या खात्याचा असेल त्या खात्यावर नेला जातो. रोजकीर्दीवाचून खतावणी विश्वसनीय ठरत नाही आणि खतावणीवाचून कोणाकडे किती येणे आहे ते कळत नाही. त्याचप्रमाणे साधनवार टिपणे ही वाचनाची रोजकीर्द, तर विषयवार टिपणे ही तिची खतावणी मानता येते.

इतिहास

यूरोपातील परंपरा

वाचलेल्या मजकुरातील उतारे ठरावीक शीर्षकांखाली उतरवून ठेवण्याची रीत यूरोपात प्रबोधनकाळात रूढ झाली. अशा वह्यांना ‘कॉमनप्लेस बुक’ म्हटले जाई. डच मानवतावादी विद्वान इरॅस्मस याने १५१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दे कोपिआ’ या लॅटिन ग्रंथात शीर्षके आधी ठरवून त्यांखाली वाचनातील उतारे जमवण्याची रीत सांगितली. या वह्यांचा उपयोग प्रामुख्याने वक्तृत्व आणि लेखन यांसाठी होत असे.

इतिहासाच्या वाचनाला ही रीत पद्धतशीरपणे लावण्याचे श्रेय फ्रेंच विचारवंत झां बोदँ याच्याकडे जाते. त्याच्या १५६६ मधील ‘मेथोदुस’ या ग्रंथात इतिहास सुलभपणे कसा समजून घ्यावा याची चर्चा असून, वाचलेल्या गोष्टी मानवी, नैसर्गिक व दैवी अशा विभागांत आणि त्यांच्या पोटविभागांत कशा लावाव्यात यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

स्विस ग्रंथसूचिकार कॉन्राड गेस्नर याने सोळाव्या शतकाच्या मध्यास टिपणांच्या कागदाचे तुकडे कापून ते हवे तसे लावण्याची युक्ती वर्णिली. वहीचे पान एकदा भरले की त्याचा क्रम बदलता येत नाही. सुटे कागद मात्र पुन्हा लावता येतात, हा त्यामागील लाभ होता. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने वहीलाच अनुक्रमणिका जोडण्याचा दुसरा मार्ग सुचवला. शीर्षकाचे पहिले अक्षर आणि त्यातील पहिला स्वर यांवरून पान शोधण्याची त्याची योजना १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १७०६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

एकोणिसाव्या शतकात इतिहास ही विद्यापीठीय विद्याशाखा बनल्यावर सुट्या चिठ्ठ्यांची पद्धत सर्वमान्य झाली. शार्ल-व्हिक्तोर लांग्ल्वा व शार्ल सेन्योबोस या फ्रेंच इतिहासकारांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासाभ्यासाच्या प्रवेशग्रंथात बांधीव वहीऐवजी सुटे कागद वापरण्याचा आणि प्रत्येक कागदावर साधनाचा नेमका उल्लेख करण्याचा आग्रह धरला. याचे इंग्रजी भाषांतर १८९८ मध्ये निघाले आणि ते दीर्घकाळ पाठ्यग्रंथ म्हणून वापरले गेले.

इंग्लंडमधील कामगार संघटनांचा व स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास लिहिणाऱ्या बिअट्रिस वेब यांनी १९२६ मधील ‘माय अप्रेंटिसशिप’ या आत्मचरित्राला टिपणे काढण्याच्या कलेवर एक परिशिष्ट जोडले. एका कागदावर एकच तथ्य असावे आणि त्याबरोबर काळ, स्थळ व साधन यांची नोंद असावी, हा त्यांचा नियम होता. कागद कधी स्थळानुसार, कधी काळानुसार, तर कधी कारणानुसार लावून पाहिले असता एकेका गृहीतकाची कसोटी घेता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. टिपणे म्हणजे केवळ आठवणीचे साधन नसून शोधाचे उपकरण आहे, हा विचार येथे स्पष्टपणे मांडलेला आढळतो.

विसाव्या शतकातील ब्रिटिश इतिहासकार कीथ थॉमस यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या एका लेखात आपली कार्यपद्धती सांगितली आहे. टिपणांचे कागद कात्रीने कापून ते विषयवार लिफाफ्यांत ठेवण्याची त्यांची रीत होती.

महाराष्ट्रातील संशोधनपरंपरा

महाराष्ट्रात इतिहासाची साधने गोळा करून छापण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोमाने सुरू झाले. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे एकूण २२ खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. मूळ कागद जसाच्या तसा छापणे व त्यावर स्वतंत्र विवेचन करणे हा या परंपरेचा विशेष होय. टिपणांच्या दृष्टीने पाहता साधनाचा मजकूर आणि अभ्यासकाचे मत यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड मुंबई सरकारने प्रसिद्ध केले. दप्तरातील मूळ कागद रुमालांत बांधलेले असून त्यांची वर्गवारी दप्तराच्या कारभारी गरजांप्रमाणे झालेली आहे. सरदेसाई यांनी खंडांची आखणी मात्र विषय व प्रकरणे धरून केली. उदाहरणार्थ, या मालेचा दुसरा खंड पानिपतच्या प्रकरणाशी संबंधित पत्रांचा आहे. विषयवार मांडणीमुळे हा संग्रह वाचकाला सुलभ झाला. त्याचबरोबर निवड करणाऱ्याने काय घेतले व काय वगळले हा प्रश्नही त्यातून उद्भवतो.

वा. सी. बेंद्रे यांचा ‘साधन-चिकित्सा’ (१९२८) हा ग्रंथ शिवकालीन इतिहासाच्या साधनांची पारख कशी करावी याविषयी आहे. इतिहासाबाहेरील क्षेत्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून सुरू असलेल्या संस्कृत महाकोशाचे कामही चिठ्ठ्यांवर उभे आहे. सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तेथे शब्दवार लावलेल्या असून, प्रत्येक चिठ्ठीवर ग्रंथातील स्थाननिर्देश असतो.

टिपणाची रचना

विषयवार मांडणीत टिपण मूळ वहीतून सुटे होते. म्हणून ते स्वतःच्या पायांवर उभे राहू शकेल एवढी माहिती त्यावर असावी लागते. पुढील घटक सामान्यतः आवश्यक मानले जातात.

साधन : लेखक, ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ. अप्रकाशित कागद असल्यास संग्रह, रुमाल किंवा फाईल व अनुक्रमांक.

निवेदक : विधान कोणाचे आहे? अहवालात छापलेला एखादा अर्ज हा अहवालकर्त्याचा आवाज नसतो. ग्रंथकाराने दुसऱ्याचे मत खोडण्यासाठी दिले असल्यास तसे नोंदवावे लागते.

काळ : घटनेचा काळ आणि साधन लिहिले गेले तो काळ, असे दोन्ही. मराठी कागदांत शके, सुहूर सन, फसली सन किंवा हिजरी सन आढळतो. मूळ कालनिर्देश तसाच ठेवून त्यापुढे इसवी सन लिहिण्याची प्रथा आहे. शकात ७८ किंवा ७९, सुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि दक्षिणेतील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवल्यास इसवी सन येतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने अशी साधी बेरीज तेथे चालत नाही.

स्थळ : गाव, तालुका किंवा तर्फ, जिल्हा किंवा सुभा.

आशय : शब्दशः उतारा असल्यास अवतरणचिन्हांत, सारांश असल्यास स्वतःच्या शब्दांत.

अभ्यासकाचा शेरा : शंका, तुलना, मत. हा भाग आशयापासून वेगळा दिसेल असा लिहिला जातो, उदाहरणार्थ चौकटी कंसात किंवा वेगळ्या शाईने.

विषय : हा घटक पेन्सिलीने लिहावा असे सांगितले जाते, कारण अभ्यास पुढे जाईल तसा तो बदलण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

अवतरण आणि सारांश यांतील सीमारेषा पुसट राहिल्यास पुढे लेखनात दुसऱ्याचे वाक्य नकळत स्वतःचे म्हणून उतरते. अनवधानाने होणाऱ्या वाङ्मयचौर्याचे हे एक सामान्य कारण आहे.

विषयांची निवड

विषय दोन मार्गांनी ठरतात. पहिल्या मार्गात अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका किंवा संशोधनप्रश्न यांवरून शीर्षके आधीच ठरवली जातात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे (एनसीईआरटी) बारावीचे ‘थीम्स इन इंडियन हिस्टरी’ हे तीन भागांतील पाठ्यपुस्तक विषयसूत्रांभोवतीच रचलेले आहे, आणि त्यातील प्रकरणांत मूळ साधनांचे उतारे दिलेले आहेत. अशा अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला शीर्षके आयती मिळतात.

दुसऱ्या मार्गात काही वाचन झाल्यावर, टिपणांतच वारंवार येणाऱ्या गोष्टींवरून शीर्षके काढली जातात. व्यवहारात दोन्ही मार्गांचे मिश्रण आढळते. आरंभी पाच ते आठ ढोबळ शीर्षके घेणे आणि एखाद्या शीर्षकाखाली फार टिपणे जमल्यास त्याचे पोटविभाग पाडणे सोयीचे ठरते.

शीर्षक प्रश्नरूप असल्यास ते अधिक उपयोगी पडते. ‘शेतसारा’ या शीर्षकाखाली शेतसाऱ्याचा उल्लेख असलेले काहीही जमा होते. ‘शेतसाऱ्याची वाढ शेतकऱ्याला कर्जाकडे ढकलत होती का?’ या शीर्षकाखाली होकारार्थी व नकारार्थी असा दोन्ही बाजूंचा पुरावा शोधावा लागतो. याउलट ‘सावकारांचा जुलूम’ यासारखे शीर्षक निष्कर्ष आधीच गृहीत धरते. त्याखाली विरोधी पुराव्याला जागा उरत नाही.

कार्यपद्धती

सर्वसाधारणपणे हे काम पुढील टप्प्यांनी केले जाते.

१. साधन प्रथम सलग वाचले जाते आणि लेखकाचा मुख्य युक्तिवाद चार-पाच वाक्यांत एका स्वतंत्र कागदावर लिहिला जातो. हा कागद साधनवार फाईलमध्ये राहतो.

२. दुसऱ्या वाचनात सुटी टिपणे काढली जातात. एका कागदावर किंवा कार्डावर एकच मुद्दा असतो.

३. प्रत्येक टिपणावर विषय लिहिला जातो. टिपण दोन विषयांत बसत असल्यास त्याची प्रत काढली जाते, किंवा दुसऱ्या विषयात केवळ ‘पहा’ अशी चिठ्ठी ठेवली जाते.

४. कोणत्याच विषयात न बसणारी टिपणे ‘संकीर्ण’ या खणात ठेवली जातात. हा खण ठरावीक काळाने तपासला जातो, कारण नवा विषय बहुधा तेथूनच निघतो.

५. लेखनापूर्वी एकेका विषयाची टिपणे कालक्रमाने लावली जातात. त्यामुळे विषयवार मांडणीत हरवलेला काळाचा धागा परत मिळतो.

६. प्रत्येक विषयाच्या टिपणांवरून ‘साधने कशावर एकमत आहेत, कशावर नाहीत, आणि काय अजून कळलेले नाही’ असा छोटा गोषवारा लिहिला जातो. निबंधातील परिच्छेद या गोषवाऱ्यांवरून तयार होतात.

उदाहरण : दख्खनचे दंगे (१८७५)

इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्यात १८७५ मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांचा विषय या पद्धतीच्या स्पष्टीकरणासाठी सोयीचा आहे, कारण त्यावरील साधने विविध असून त्यांचे निष्कर्ष परस्परांहून भिन्न आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल करून वह्या-खाती आणि कर्जरोखे हस्तगत केले व जाळले. हे लोण पुणे जिल्ह्यातील इतर गावांत आणि अहमदनगर जिल्ह्यात पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालात आकडेवारी, अधिकाऱ्यांची निवेदने तसेच रयत व सावकार यांच्या जबान्या आहेत. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जरोख्यावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला.

साधनवार टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती या विषयावर पुढीलप्रमाणे स्वतंत्र सारांश येतात : आयोगाने सरकारच्या महसुलाच्या मागणीपेक्षा सावकारी व्यवहारांना मुख्यतः जबाबदार धरले, रविंदर कुमार यांनी १९६८ मधील ग्रंथात ब्रिटिश धोरणांमुळे पश्चिम भारतातील ग्रामीण समाजात झालेल्या स्थित्यंतराच्या संदर्भात कुणबी व वाणी यांच्यातील ताण मांडला, नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मधील लेखात या दंग्यांचे ऐतिहासिक महत्त्व फुगवले गेले आहे असे प्रतिपादन केले. या तीन सारांशांपैकी कोणता ग्राह्य मानावा हे सारांशांवरून ठरवता येत नाही.

हीच टिपणे विषयवार लावली असता चित्र पुढीलप्रमाणे बदलते.

महसूल : १८३० च्या दशकापासून रयतवारीत तीस वर्षांच्या मुदतीने सारा ठरवला गेला होता. १८६० च्या दशकात मुदत संपल्यावर फेरआकारणी होऊन अनेक ठिकाणी सारा मोठ्या प्रमाणात वाढला. सरकारी आयोगाचा निष्कर्ष याच विषयाखाली येतो. तेथे निवेदकाची नोंद महत्त्वाची ठरते, कारण सारा ठरवणारे व चौकशी नेमणारे सरकार एकच होते.

कर्ज व कायदा : १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यांची वैधता तीन वर्षांवर आणली. सावकाराला फार काळ व्याज साठवता येऊ नये हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊन थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाऊ लागले. रयतेच्या जबान्यांत पावत्या न मिळणे व खोटे आकडे लिहिले जाणे या तक्रारी आढळतात.

बाजारपेठ : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला तेजी आली आणि पतपुरवठा सैल झाला. युद्धानंतर मागणी उतरली व सावकारांनी हात आखडता घेतला. या टिपणांवर स्थळाचा रकाना भरला की एक नवा प्रश्न समोर येतो : कापसाच्या तेजीचा प्रदेश आणि दंग्यांची गावे यांचा भूगोल कितपत एक होता?

दंग्यांचे स्वरूप : हल्ल्यांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. ही नोंद ‘कर्ज व कायदा’ या विषयाशी जोडली असता कर्जरोखा हाच संघर्षाचा केंद्रबिंदू का झाला असावा, याचा उलगडा होतो.

समकालीन मराठी आवाज : महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मधील आहे. शेतकऱ्याच्या दैन्याची त्यांनी केलेली मीमांसा महसूल, नोकरशाही, जातिव्यवस्था व शिक्षणाचा अभाव यांना एकत्र गुंफते. ग्रंथ दंग्यांनंतर आठ वर्षांनी लिहिलेला असल्याने, साधन लिहिले गेल्याच्या काळाची नोंद येथे आवश्यक ठरते.

या मांडणीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. महसूल की सावकार हा आयोगापुढील प्रश्न पुरेसा नाही, कारण वाढलेला सारा रोखीने भरण्यासाठीच अनेकदा कर्ज काढले जाई आणि ते कर्ज कसे वाढेल हे कायदा ठरवत असे. दुसरे म्हणजे, लेखकांतील मतभेद नेमका कोणत्या विषयावर आहे ते दिसते. चार्ल्सवर्थ यांचा आक्षेप मुख्यतः दंग्यांची व्याप्ती व परिणाम यांविषयी आहे. शेतकरी कर्जबाजारी होता की नव्हता हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. साधनवार सारांशांत हा भेद झाकला जातो.

या विषयावरील टिपणाचा एक नमुना :

विषय : कर्ज व कायदा (रोख्यांचे नूतनीकरण)
काळ : १८५९ नंतर, साधनाचा काळ १८७५–७६
स्थळ : पुणे व अहमदनगर जिल्हे
साधन : दख्खन दंगे आयोगाचा अहवाल (खंड, पृष्ठ)
निवेदक : रयत, आयोगाने नोंदवून घेतलेली तक्रार
आशय (सारांश) : मुदत संपताना नवा रोखा, जुने व्याज नव्या मुद्दलात.
शेरा : [सावकारांच्या जबान्यांत याचे उत्तर आहे का ते पाहणे. मूळ बोलणे मराठीत, नोंद इंग्रजीत.]

उपयोग

तुलना : एकाच प्रश्नावरील साधने शेजारी आल्यामुळे परस्परविरोध लक्षात येतो. दोन ग्रंथ एकाच मूळ साधनावर अवलंबून असतील तर तेही उघड होते. पाच लेखकांनी दिलेला एकच आकडा पाहता पाहता एकाच अहवालापर्यंत पोहोचतो, तेव्हा तो पाच पुराव्यांऐवजी एकच पुरावा ठरतो.

उणिवांचे ज्ञान : रिकामा राहिलेला खण हेही एक टिपणच असते. दंग्यांच्या उदाहरणात ‘स्त्रिया’ किंवा ‘भूमिहीन मजूर’ असे शीर्षक घेतल्यास त्याखाली फारच थोडी टिपणे जमतात. ही उणीव साधनांच्या स्वरूपाविषयी बोलते. त्यावरून त्या लोकांचा संबंध नव्हता असे अनुमान काढता येत नाही.

लेखन : विषयवार टिपणांवरून लिहिलेला निबंध ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ या साच्यातून बाहेर पडून मुद्द्यांच्या क्रमाने पुढे जातो.

उजळणी : परीक्षेतील प्रश्न बहुधा विषयांना धरून असतात. त्यामुळे उजळणीसाठी ही मांडणी सोयीची असते.

मर्यादा व आक्षेप

संदर्भाचा लोप : कापून वेगळे केलेले वाक्य लेखकाच्या मूळ आशयाच्या विरुद्धही वापरले जाऊ शकते. यावर उपाय म्हणून साधनाचा एकपानी सारांश जपला जातो आणि लेखनापूर्वी महत्त्वाचे उतारे मुळाशी ताडून पाहिले जातात.

काळाचा लोप : एका शीर्षकाखाली आलेली १८२०, १८६० व १८८० या दशकांतील टिपणे समकालीन असल्याचा भास निर्माण करतात. त्यातून ‘शेतकरी नेहमीच असा होता’ यासारखी कालनिरपेक्ष विधाने जन्मतात. विषयांतर्गत कालक्रम हा यावरील उपाय होय.

आजच्या संकल्पनांचे आरोपण : शीर्षके आजच्या भाषेत असतात. सतराव्या शतकातील कागदावर ‘राष्ट्र’, ‘वर्ग’ किंवा ‘धर्मनिरपेक्षता’ असे शीर्षक लावताना, त्या काळच्या लोकांनी कोणता शब्द वापरला होता हे टिपणात नोंदवावे लागते. वतन, मिरास, उपरी, बलुते यांसारखे शब्द आधुनिक मालमत्ता व मजुरीच्या संकल्पनांत पूर्णपणे बसत नाहीत. म्हणून मूळ शब्द राखून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पूर्वग्रहाची पुष्टी : ठरलेल्या शीर्षकांना अनुकूल तेवढेच टिपले जाण्याचा संभव असतो. प्रश्नरूप शीर्षके व ‘संकीर्ण’ खण यांमुळे तो काही अंशी कमी होतो.

संग्रहातच अडकणे : टिपणे जमवण्याचे काम कधीही न संपणारे असते. ब्रिटिश इतिहासकार लॉर्ड ॲक्टन (मृत्यू १९०२) यांनी स्वातंत्र्याच्या इतिहासावरील नियोजित ग्रंथासाठी विपुल टिपणे जमवली, पण तो ग्रंथ लिहून झाला नाही. ती टिपणे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

स्थिर वर्गवारीवरील आक्षेप : जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह उभारला. त्यांनी चिठ्ठ्या ठरावीक विषयांखाली न ठेवता प्रत्येकीला क्रमांक दिला आणि एका चिठ्ठीवरून दुसरीकडे निर्देश केले. एक टिपण अनेक विषयांचे असू शकते ही अडचण या पद्धतीत उरत नाही. मात्र ठरावीक मुदतीच्या अभ्यासक्रमात असा संग्रह उपयोगी पडेल एवढा वाढण्यास वेळ मिळत नाही.

संगणकीय साधने

संगणकावर एका टिपणाला अनेक खूणशब्द (टॅग) जोडता येत असल्याने प्रती काढण्याची गरज उरत नाही. तक्तापत्रकात (स्प्रेडशीट) काळ, स्थळ, साधन, निवेदक व विषय असे रकाने केल्यास तीच टिपणे क्षणात निरनिराळ्या क्रमाने लावता येतात. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात तयार झालेले आणि २००६ मध्ये प्रथम उपलब्ध झालेले झोटेरो हे मुक्त सॉफ्टवेअर संदर्भ व टिपणे एकत्र ठेवण्यासाठी वापरले जाते. टिपण त्याच्या साधनाला जोडलेले राहते, हा त्याचा या पद्धतीच्या दृष्टीने मुख्य लाभ होय.

मराठीतून टिपणे ठेवताना काही विशेष अडचणी येतात. सारा, शेतसारा, महसूल, धारा हे शब्द वेगवेगळ्या टिपणांत आल्यास शब्दशोधात ती एकत्र सापडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळेही शोध फसतो. ‘शेतकऱ्या’ यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होऊ शकते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसत असली तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. या कारणांमुळे खूणशब्दांची एक निश्चित यादी आरंभीच करून, केवळ त्याच यादीतील शब्द वापरणे सोयीचे ठरते.

मजकूर आयता उतरवून चिकटवण्याच्या सोयीमुळे मोठमोठे उतारे न वाचताच जमा होतात. हाताने लिहिताना जी निवड आपोआप होते, ती येथे जाणीवपूर्वक करावी लागते. संगणकावरील शीर्षक एका कळीने बदलता येते, हा सोयीचा भाग आहे. परंतु टिपण काढतेवेळी न लिहिलेला पृष्ठक्रमांक नंतर कोणतेही साधन पुरवू शकत नाही.

हेही पहा

इतिहासलेखनशास्त्र
साधनचिकित्सा
शकावली
पेशवे दप्तर
भारत इतिहास संशोधक मंडळ
दख्खनचे दंगे
वाङ्मयचौर्य